जिन्याच्या मधोमध

नामंजुरीचं पत्र वाचून कठडेमिस्त्रींना पहिल्यांदा जे वाटलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांना आनंद झाला. पत्र ज्येष्ठ सहाय्य कचेरीतून आलेलं होतं, वरचा खालचा मजकूर छापील होता, पण मध्ये खास त्यांच्यासाठी टाइप केलेलं एक वाक्य होतं. ‘अर्जदार जिन्याची चढउतार आधाराशिवाय करतात, कठड्यास केवळ कामाच्या सवयीने हात लावतात, सबब मासिक सहाय्य व घरातील बदलांसाठीचे अनुदान देय नाही.’ ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला कचेरीने सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं होतं की तू धडधाकट आहेस. आयुष्यभरात त्यांना कुणी कसलं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं. गिऱ्हाइकं काम बघून मान हलवत आणि पैसे द्यायला उशीर करत. त्यांनी पत्राची घडी जुन्या घडीवरच नीट बसवली आणि ते टेबलावर इतक्या ऐटीत ठेवलं की बायकोचा चेहरा उजळला.

“मिळालं?” तिने विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. आवाज नको तितका प्रसन्न निघाला.

तिने पत्र घेतलं, खिडकीपाशी जाऊन वाचलं, आणि पुन्हा टेबलावर ठेवलं. मग ती खुर्चीवर बसली. कामाच्या वेळी ती अशी नुसती बसलेली त्यांनी फारशी पाहिलेली नव्हती. त्यांचा आनंद तिथेच ओसरला, पण पुरता गेला नाही. चोरून खाल्लेल्या साखरेसारखा जिभेच्या कडेला राहिला, आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि बसवायची म्हटली तर जागा नव्हती. मुलीने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, की वर्षअखेरपर्यंत काही सोय झाली नाही तर मी गाडी घेऊन येते, सामान बांधून ठेवा. तिच्याकडे तळमजल्यावर एक खोली रिकामी करून ठेवलेली होती; खिडकीतून ओळीने उभ्या केलेल्या गाड्यांची तोंडं दिसत. मुलगी चांगली होती, जावई तिच्याहून चांगला होता, आणि पंचाईत तीच होती, कारण इतक्या चांगल्या माणसांच्या घरात भांडायचीसुद्धा सोय नसते. सहाय्य मिळालं असतं तर जिन्याला भिंतीच्या अंगानेही एक कठडा लागला असता, न्हाणीघरात धरायला दांडी बसली असती, आठवड्यातून चार दिवस मदतनीस आली असती. थोडक्यात, हे घर राहिलं असतं. बायकोने तर येणाऱ्या मदतनीस बाईला आपलं कुठलं कपाट दाखवायचं आणि कुठलं नाही, हेही मनात ठरवून टाकलं होतं. आता ती खुर्चीवर बसून त्याच कपाटांकडे बघत होती.

मिस्त्री जिन्यांचे कठडे करत. फक्त कठडे. खुर्च्यांना, पलंगांना त्यांनी हात लावला नाही. कुणी फारच गळ घातली तर ‘ते सुताराला सांगा’ म्हणत, जणू आपण सुतारांच्या वरच्या कुठल्या तरी वर्गातले आहोत. शाळा, दवाखाने, पेढ्या, दोन नाट्यगृहं, आणि घरं तर किती, त्यांनी मोजली नाहीत. ज्या इमारतीत ते राहत तिचा कठडाही त्यांच्याच हातचा होता. तो बसवायला आले, खिडक्या आवडल्या, आणि राहिले. ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या म्हाताऱ्याचा एक नियम होता. कठडा बसवला की तो गिऱ्हाइकाचा, त्याला आपला हात लागता कामा नये. कामगाराने जिन्याच्या मधोमध चालायचं. हाताला घाम असतो, सरस असतो, पॉलिश ओलं असलं तर पाचही बोटं उमटतात आणि मग सगळा पट्टा पुन्हा घासावा लागतो. सोळाव्या वर्षी अंगवळणी पडलेली ती गोष्ट अंगातून गेलीच नाही. परक्या इमारतीत, दवाखान्यात, अगदी स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मिस्त्री जिन्याच्या मधोमध, दोन्ही हात मोकळे सोडून चढले. बायकोच्या माहेरची माणसं आपसांत म्हणाली होती, नवरामुलगा भलताच ताठ आहे. ते खरंच होतं आणि त्यांना ते ऐकून बरं वाटलं होतं.

हात लावायला एकच प्रसंग माफ होता, तपासणीचा. काम संपलं की डोळे मिटून कठड्यावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवायचा, आणि तोही डावा. रंधा ओढून ओढून उजव्या तळव्याला घट्टे पडतात, त्या हाताला बारीक काही कळेनासं होतं. डावा हात मऊ राहतो, दोन तुकडे जिथे जोडलेत तिथली केसाएवढी कड त्याला लागते. उतरताना कठडा उजवीकडे येतो, म्हणून तोंड कठड्याकडे करायचं, अंग आडवं करायचं आणि एकेक पायरी तिरकं उतरायचं. बघणाऱ्याला हसू येई. म्हातारा मात्र असा उतरत आला की खाली उभ्या असलेल्या सगळ्यांचा श्वास अडकलेला असे, कारण मध्येच थांबून तो बोटाने एका जागी टकटक करी आणि मग तो जोड उखडावा लागे. पुढे चाळीस वर्षं मिस्त्री तसेच उतरत आले आणि खाली पोरं श्वास धरून उभी राहिली. त्या आडव्या उतरण्यात जो रुबाब होता तो राजाच्या चालण्यातही नसेल, असं त्यांचं मत होतं, आणि राजा त्यांनी पाहिलेला नसल्यामुळे ते मत पक्कं होतं.

दीड वर्षापूर्वी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांच्या पायाला पायरी सापडली नाही. पायरी होती तिथेच होती. पाय तिच्यापर्यंत गेला, पण पोचल्याची खबर वर आली नाही, आणि त्या एका क्षणात मिस्त्रींना आपल्याखाली जिना नाहीच असं वाटलं. भान आलं तेव्हा त्यांची दोन्ही पावलं दोन वेगळ्या पायऱ्यांवर होती, अंग आडवं होतं आणि डावा हात कठड्यावर होता. हात कधी गेला ते त्यांना ठाऊक नव्हतं. नेमके त्याच वेळी खालच्या मजल्यावरचे कारकून भाजीची पिशवी घेऊन वर आले आणि म्हणाले, “काय मिस्त्री, काय झालं?” मिस्त्रींनी डोळे मिटले. “जोड बघतोय,” ते म्हणाले. “वळणावर जरा उठल्यासारखा वाटतो.” कारकून भारावून गेले. इतक्या वर्षांनीही हा माणूस आपल्या कामाची काळजी घेतो, असं ते घरी जाऊन बायकोला म्हणाले, आणि तिने ते मिस्त्रींच्या बायकोला सांगितलं, आणि तिने ते ऐकून फक्त “हो का?” म्हटलं. त्या दिवसापासून मिस्त्री रोज जोड बघू लागले. पहिले काही महिने त्यांना स्वतःलाही ते खरं वाटे. हात फिरवताना ते जोडांकडे लक्ष देत, हवामानाने लाकूड कुठे फुगलं ते मनात टिपून ठेवत. मग हळूहळू हात फिरेनासा झाला. तो एका जागी घट्ट बसे, मग सुटे, मग पुढे एका जागी घट्ट बसे. पण तोंडाने विचारणाऱ्याला उत्तर तेच मिळे, आणि विचारणारे कौतुक करत खाली जात.

पत्र येण्याआधी कचेरीतून पाहणीला जी मुलगी आली ती पंचविशीची असेल. तिच्या हातात प्रश्नांचा कागद होता, आणि ती खरोखरच भल्या मनाने आली होती. मिस्त्रींनी त्या सकाळी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, चहा स्वतः केला आणि स्वतः आणून दिला. कप बशीत किंचित वाजला तेव्हा खोकून घेतलं. पलंगावरून उठता का, बटणं लावता का, आंघोळ एकट्याने करता का, या सगळ्याला ते “करतो की” म्हणाले. बायको दाराशी उभी राहून डोळ्यांनी काही सांगत होती, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. शेवटी जिना. तिने कागद सावरत म्हटलं, “आजोबा, तुम्ही आडवे का उतरता? कठडा धरावा लागतो का?”

आजोबा म्हटल्यामुळे बिघडलं असेल, किंवा ‘धरावा लागतो’मुळे. मिस्त्रींनी तिला म्हाताऱ्या गुरूची गोष्ट सांगितली, उजव्या हाताचे घट्टे दाखवले, डाव्याची मऊ बोटं दाखवली, डोळे मिटून वळणावरचा जोड शोधून दिला आणि तिचा हात घेऊन तिलाही तो शोधायला लावला. तिला तो लागला तेव्हा तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. कचेरीच्या नोकरीत तिला कुणी असं काही शिकवलं नसेल. जाताना ती म्हणाली, “तुम्हाला भेटून छान वाटलं.” मिस्त्री म्हणाले, “यायचं परत.” आणि तिने प्रामाणिकपणे, शब्द न शब्द, जे पाहिलं आणि ऐकलं ते लिहून टाकलं. तिची चूक काढायला जागाच नव्हती. इतकं पटण्यासारखं खोटं तिला आजवर कुणी सांगितलेलं नसणार.

पत्र आल्यावर चौथ्या दिवशी बायको त्यांना वाचनालयात घेऊन गेली. तिथे वर्तमानपत्रांच्या टेबलामागे दर मंगळवारी एक सल्लागार बाई बसत आणि म्हाताऱ्या माणसांना फुकट सल्ला देत. कुठला अर्ज कुठे करायचा, निवृत्तिवेतन अडलं तर कुणाला गाठायचं, फोनवर गोड बोलून पासबुकाचा नंबर विचारणाऱ्याला काय सांगायचं. मिस्त्रींच्या पुढे एक बाई तिसऱ्यांदा हेच विचारत होती, की मुलाच्या नावावर घर केलं तर तो मला बाहेर काढेल का, आणि सल्लागार बाई तिसऱ्यांदाही तितक्याच शांतपणे सांगत होत्या, की करू नका. मिस्त्रींना तिथे बसायला आवडलं नाही. आजूबाजूच्या खुर्च्यांवर काठ्या टेकवलेल्या होत्या. आपण या लोकांसोबत आलेलो आहोत, यांच्यातले नाही, असं दिसावं म्हणून ते बायकोची पिशवी मांडीवर घेऊन बसले.

सल्लागार बाईंनी पत्र वाचलं आणि त्यातल्या एका ओळीखाली नखाने रेघ ओढली. “सगळं हिच्यावर अडलंय,” त्या म्हणाल्या. “महिन्याच्या आत फेरपाहणी मागता येते. पण काका, तुम्ही पुन्हा चांगला दिवस दाखवलात तर पुन्हा हेच येईल. सगळे तेच करतात. एरवी आठ-आठ दिवस दाढी न करणारा माणूस पाहणीच्या दिवशी गुळगुळीत होऊन बसतो. त्यांना तुमचा वाईट दिवस सांगायचा असतो. पंधरा दिवस एक वही ठेवा, रोज काय जमलं नाही ते लिहा. डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. आणि चहा तुम्ही करू नका.”

“वाईट दिवस असा नसतो,” मिस्त्री म्हणाले. “हात मी कामापुरता लावतो.”

बाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनी मान वळवून बायकोला विचारलं, “काकू, हे जिना उतरतात तेव्हा तुम्ही कुठे असता?”

“पुढे,” बायको म्हणाली. “एक पायरी खाली.”

“नेहमी?”

“दीड वर्ष झालं.”

“का?”

बायकोने मिस्त्रींकडे पाहिलं नाही. समोरच्या टेबलावरचं वर्तमानपत्र तिने उगाच सरळ केलं. “पडले तर माझ्यावर पडतील,” ती म्हणाली.

हे तिने इतक्या सहज सांगितलं की मिस्त्रींना आधी अर्थच लागला नाही. ती पुढे चालते हे त्यांना माहीत होतं. त्यांना वाटे, तिला घाई असते. तिला पहिल्यापासूनच घाई. कितीदा तरी ते तिच्यावर खेकसले होते, की माझ्या पायात येऊ नकोस, जरा चार पायऱ्या पुढे तरी हो, आणि ती “बरं” म्हणून तिथेच राहिली होती. ती त्यांच्या खांद्याला लागे. वजनाने निम्मी नसली तर थोडीच जास्त. मिस्त्रींनी आयुष्यभर भार कुठे जातो याचाच विचार केला होता. माणूस टेकला की जोर कुठल्या खांबावर येतो, तो खांब कितपत जाड हवा, पायरीत किती खोल रोवायला हवा, हे ते बघताक्षणी सांगत. आणि त्यांनी आपला सगळा भार, एका शब्दाने न विचारता, या एवढ्याशा बाईवर ठरवून ठेवला होता. सल्लागार बाई पुढे काही सांगत होत्या, अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, पोच कशी घ्यायची. बायको लक्ष देऊन ऐकत होती. मिस्त्रींच्या कानात नुसता आवाज येत होता.

ते घरी परतले. जिना चढायला लागले तेव्हा ती मागे राहिली. चढताना मागे, उतरताना पुढे. म्हणजे सतत खालच्याच बाजूला. एवढं गणित त्यांना दीड वर्षात सुचलं नव्हतं. पहिल्या मजल्यावर ते थांबले आणि म्हणाले, “तू पुढे हो.” ती म्हणाली, “चला हो, दूध तापवायचंय,” आणि हलली नाही. त्यांना तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. रागाच्या आड आणखी काही होतं, आणि ते त्यांच्या ताठपणाहून मोठं होतं. म्हणजे या घरात सगळ्यात ताठ कोण उभं होतं, तर ती. कुणी न सांगता, कुणाला न सांगता, हातात पिशवी घेऊन. त्यांना तिचा अभिमान वाटला, आणि तो आपल्या कुठल्याही कामाचा वाटला होता त्याहून जास्त होता हेही त्यांनी मनात कबूल केलं. तिला मात्र ते एवढंच म्हणाले, “दूध मी तापवतो.” ती म्हणाली, “नको, सांडाल.”

वहीत पहिले दोन दिवस त्यांनी कामावरच्या नोंदी कराव्यात तशा केल्या. ‘जिना उतरलो. वेळ सहा मिनिटं. हवा कोरडी.’ तिसऱ्या दिवशी बायकोने वही वाचली आणि म्हणाली, “यात तुम्ही कुठे आहात?” मग चौथ्या दिवशी त्यांनी लिहिलं, ‘दुसऱ्या वळणावर डावा पाय कळला नाही. कठडा धरला.’ धरला हा शब्द लिहिताना त्यांचा हात थांबला. तो शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरला होता. गर्भार बायका धरतात, शाळेतली मुलं धरतात, शस्त्रक्रिया होऊन घरी निघालेली माणसं धरतात. त्या सगळ्यांसाठी तर ते इतकं घासत होते. धरणाऱ्याला त्यांनी कधी मनातसुद्धा कमी लेखलं नव्हतं; धरायला कुणी नसतं तर त्यांच्या चुलीत लाकडंही जळली नसती. मग आपल्याच हाताला हा शब्द का बोचतो, याचं उत्तर त्यांना वहीच्या पंधराही दिवसांत सापडलं नाही. पण पुढे शब्द सरळ येत गेला. नवव्या दिवसाची नोंद होती, ‘दोनदा धरला. बटणं हिने लावली.’

फेरपाहणीला तीच मुलगी आली. ती अवघडलेली होती. आपल्या लिहिण्यामुळे काहीतरी बिघडलं हे तिला कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं. मिस्त्रींनी दाढी केली नव्हती. चहा बायकोने केला. वही, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं टेबलावर मांडलेलं होतं, पण मुलगी म्हणाली, जिना मला पुन्हा बघावाच लागेल. बायको चपला घालून पुढे निघाली तशी मिस्त्रींनी तिच्या दंडाला धरलं.

“तू वर थांब,” ते म्हणाले.

“अहो, पण...”

“दारात थांब. आज खाली यायचं नाही.”

तिने एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती उंबऱ्यात उभी राहिली. मुलगी कागद घेऊन चार पायऱ्या खाली, भिंतीला टेकून. मिस्त्री जिन्याच्या तोंडाशी आले. मधोमध न जाता ते कडेला सरले आणि त्यांनी कठड्यावर उजवा हात ठेवला, घट्ट्यांचा, ज्याला बारीक काही कळत नाही तो. मग डावाही ठेवला. डोळे उघडे ठेवले. पहिल्या पायरीवर त्यांनी आपला भार सोडला, जपून, थोडा राखून, जसा गेलं दीड वर्ष सोडत होते. मग त्यांना वाटलं, राखायचं कशाला. त्यांनी सगळा सोडला. एकोणऐंशी वर्षांचं सगळं अंग, गुडघे, कंबर, ताठपणासकट, हातांतून कठड्यात गेलं आणि कठड्याने ते घेतलं. कुरकुर झाली नाही, कुठे काही दबलं नाही. खांबातून पायरीत आणि पायरीतून भिंतीत भार उतरत गेला, जसा उतरायला हवा तसा, आणि मिस्त्रींना तो जाताना कळत होता. त्यांनी शेकडो कठडे केले होते, त्यांवरून हात फिरवला होता, पण एकावरही कधी भरवसा टाकून पाहिला नव्हता. लाज वाटेल म्हणून ते वाट बघत राहिले. दुसरी पायरी, तिसरी, चौथी. लाज काही आली नाही. आलं ते वेगळंच होतं, आणि ते छातीत मावेना म्हणून वळणावर त्यांना थांबावं लागलं.

मुलीने हळूच विचारलं, “जोड तपासताय का?”

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “धरलाय. धरल्याशिवाय मला उतरता येत नाही.”

वर उंबऱ्यात बायकोने श्वास सोडलेला त्यांना ऐकू आला. मुलीने खाली मान घालून बराच वेळ लिहिलं.

“काय लिहिलंत, वाचा बघू.”

“अर्जदार दोन्ही हातांनी कठडा धरतात व शरीराचा पूर्ण भार त्यावर टाकतात,” तिने वाचलं. “आधाराशिवाय उतरू शकत नाहीत.” मग घाईने म्हणाली, “काका, हे असंच लिहावं लागतं. वाईट वाटून घेऊ नका.”

“बरोबर आहे,” मिस्त्री म्हणाले. “पुढे लिहा, कठडा हलत नाही.”

“त्याला रकाना नाही यात.”

“मग समासात लिहा,” ते म्हणाले, आणि ती लिहीपर्यंत दोन्ही हातांनी कठडा धरून तिथेच उभे राहिले.